पोच

चावडीला पोच असावी की नसावी, या एका प्रश्नावरून पद्मजा शेडबाळे आणि तौफिक मुजावर यांचं जेवढं वाजलं, तेवढं त्यांच्या कंपनीत कधी कुणाचं वाजलं नव्हतं.

दोघं एकाच मुलखातले. ती मिरजेची, तो तासगावचा. पुण्यात बाणेरला एका इमारतीत समोरासमोर बसून दोघांनी चावडी उभी केली होती, आणि भांडायची वेळ आली की तौफिकच्या तोंडी थेट तासगावची बोली यायची.

एव्हाना घर म्हणजे एक वेब-अॅपच झालं होतं. दार, शेगडी, पाण्याची टाकी, औषधांची पेटी, म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावरची पट्टी, अशा प्रत्येक वस्तूचा एकेक छोटा घटक असायचा, आणि हे सगळे घटक स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या काचेत एकत्र नांदायचे. सुरुवातीला ते एकमेकांशी थेट बोलत. शेगडीला घंटी ठाऊक असावी लागे, घंटीला फोन. घंटी बदलली की शेगडी अडून बसे. सोलापुरात एका घरी नवी टाकी बसवली, तर पुढचं दार उघडेना. घरचे लोक खिडकीतून ये-जा करत होते.

पद्मजानं काढलेला उपाय तसा जुनाच होता. वेबवर काम करणाऱ्यांना तो फार आधीपासून माहीत होता. तिनं तो घरात आणला. कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. मध्ये एक चावडी ठेवायची. शेगडीनं चावडीवर येऊन एवढंच ओरडायचं, ‘दूध उतू गेलं!’ ही झाली घटना. ज्याला या घटनेशी कर्तव्य असेल त्यानं चावडीवर आधीच आपला श्रोता बसवून ठेवायचा. घंटीचा श्रोता ऐकेल आणि वाजेल, गॅसचा श्रोता ऐकेल आणि बंद होईल. ऐकणारे दहा आहेत की एक, याची शेगडीला पर्वा नाही. ती ओरडते आणि आपल्या कामाला लागते. म्हणूनच कुठलाही घटक केव्हाही काढावा, बदलावा, नवा घालावा. बाकीच्यांचं काही अडत नाही.

या सोयीत दोन गोष्टी आपोआप आल्या होत्या. एकही श्रोता नसला तरी घटना घडतेच, आणि ऐकणारं कुणी नव्हतं ही काही चूक मानली जात नाही. काचेवर लाल अक्षर उमटत नाही. दुसरी गोष्ट, जो श्रोता उशिरा येऊन बसतो त्याला आधी होऊन गेलेलं काही ऐकू येत नाही. दवंडी होऊन गेल्यावर चावडीवर आलेल्या माणसासारखी त्याची गत.

शेगड्या आणि टाक्या होत्या तोवर यात वावगं काहीच नव्हतं. पुढे कंपनीनं माणसांनाही चावडीवर आणलं. त्या सोयीचं नाव ‘हाक’. आईनं मिरजेच्या स्वयंपाकघरात उभं राहून नाव घेऊन काही बोलावं, ते चावडीवर घटना म्हणून पडावं, आणि पुण्यातल्या मुलीच्या कानात बसवलेल्या इवल्याशा यंत्राच्या मण्यात हलकेच ऐकू यावं. घंटी वाजायची नाही, उचला-ठेवा नाही, लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही. घरात बोललेला शब्द साठवायचा नाही असा कायदा नुकताच झाला होता, त्यामुळे हाक कुठंही जपून ठेवली जात नसे. ऐकली तर ऐकली, नाहीतर हवेत विरली.

तौफिकचं घोडं इथंच अडलं होतं.

“सांगणाऱ्याला कळायला नको व्हय, समोर कोण हाय का न्हाई ते?” तो म्हणाला. “श्रोत्यानं ऐकलं की उलट एक पोच पाठवायची. एवढंच तर म्हणतोय मी.”

“पोच आली की जाब आला,” पद्मजा म्हणाली. “ऐकलंस, मग बोलली का नाहीस? मागच्या पिढीनं त्या दोन निळ्या खुणांपायी किती नाती तोडून घेतली, विसरलास?”

“खुणांपायी न्हाईत तुटली. न बोलण्यापायी तुटली.”

“अरे, दवंडी देणारा दारोदार जाऊन सह्या घेतो का?”

“सह्या नसंल घेत. पण माणसं जमल्यात का न्हाईत ते डोळ्यानं बघतो की.”

पद्मजा तेव्हा चावडीच्या गटाची प्रमुख होती. तिचं म्हणणं चाललं. तौफिकच्या समाधानासाठी तिनं काचेच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा ठेवला. हाक चावडीपर्यंत पोचली की तो लागायचा.

“लोकांना वाटंल, माणसापतोर पोचली,” तौफिक म्हणाला.

“खाली टीप देऊ.”

टीप दिली. बारीक अक्षरातली टीप कुणी वाचत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हाकेनं महाराष्ट्रात घर केलं. सासरच्या मुली, परगावी शिकणारी मुलं, दुबईतले नवरे, सगळे आपापल्या घरच्या चावडीवर श्रोते बसवून मोकळे झाले. हळूहळू फोन करणं दांडगाईचं वाटायला लागलं. एखाद्याच्या दारावर धक्के मारावेत तसं. ‘हाक मारून ठेव की’ हा शब्दप्रयोगच पडला. कोण ऐकत नाही हे कुणालाच कळत नसल्यानं कुणाची मनं दुखेनात. पद्मजाला एका समारंभात शाल मिळाली.

---

पद्मजाची आई सुनंदाबाई मिरज जंक्शनवर उद्घोषक होती. गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या शेवटच्या जित्या माणसांपैकी एक. यंत्राचा आवाज आल्यानंतरसुद्धा, पुरानं गाड्या खोळंबल्या आणि फलाटावर गोंधळ उडाला की स्टेशनमास्तर तिलाच बोलवायचे. तिनं मराठीत आणि कानडीत शांतपणे दोन वाक्यं बोलली की माणसं सामानावर बसून घेत. घरातही ती तशीच बोलायची, प्रत्येक शब्द सुटा आणि गोल. पद्मजाचे वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. त्यानंतर त्या घरात ऐकू येण्यासारखं जे काही होतं ते म्हणजे आईचा आवाज.

निवृत्तीनंतर हा सगळा आवाज चावडीवर आला.

“पद्मा, आज शेपू मिळाला गं. कोवळा हाय.”

“पद्मा, समोरच्या गुरवांची म्हैस व्याली. खरवस पाठवला त्यांनी, तुझी आठवण झाली.”

“पद्मा, जेवलीस काय? बोलू नको, कामात असशील. जेव तेवढं.”

सुरुवातीला पद्मजा हे ऐकताना एकटीच हसायची. पुढे तिला ते ऐकू येईनासं झालं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते तसं. आणि त्यानंतर, काम वाढलं तेव्हा, ते टोचायला लागलं. हाकेबरोबर घरातल्या बाकीच्या घटनाही मण्यात यायच्या. फाटक वाजलं, कुकरची शिटी झाली, टाकी भरली.

त्या वर्षी एका मोठ्या रुग्णालयसमूहानं आपल्या सगळ्या इमारतींत चावडी बसवायचं ठरवलं. खाटा, सलाइनच्या बाटल्या, नाडीची यंत्रं, औषधांचे गाडे, सगळं एकाच चावडीवर. या चावडीला मात्र पोच होती. सलाइन संपलं हे नर्सनं ऐकलं की नाही, हे कळल्याशिवाय रुग्णालय चालणारच नव्हतं. पद्मजानं स्वतः बसून ती पोच लिहिली, मन लावून लिहिली. घराची गोष्ट वेगळी, असं तिचं मत होतं.

रुग्णालयाच्या डॉक्टरांसमोर ती चावडी पहिल्यांदा चालवून दाखवत होती, तेव्हा मध्येच कानात आईचा आवाज आला.

“पद्मा, घसा काही सुटंना गं. हळदीचं दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळलं...”

पद्मजाचा शब्द अडखळला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं सावरून घेतलं, पण जागेवर परत आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. तिनं मिरजेच्या घरावर बसवलेला आपला श्रोता काढून टाकला. एका ओळीचं काम. रुग्णालयाचं पार पडलं की पुन्हा बसवू, असं ती मनात म्हणाली.

काचेवर लाल अक्षर उमटलं नाही. मिरजेत कुणाला काही कळलं नाही. तिकडच्या स्वयंपाकघरात हिरवा दिवा आधीसारखाच लागत राहिला.

कान शांत झाले आणि पद्मजाचं काम झपाट्यानं पुढे गेलं. आईची तिला आठवण येत नव्हती असं नाही. एका सकाळी कचेरीकडे चालत जाताना तिला एकदम वाटलं, बरेच दिवस आपण आईशी बोललो नाही. तिनं चालता चालताच हाक मारली.

“आई, फार गडबडीत आहे गं. जरा अवघड दिवस आहेत, पण सगळं नीट होईल. तू काळजी करू नकोस. हे एकदा पार पडलं की मी येतेच.”

रस्ता ओलांडेपर्यंत ती दुसऱ्या विचारात गेली होती.

---

रुग्णालयाची चावडी सुरू झाली, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजानं मिरजेच्या घराचा श्रोता पुन्हा बसवला आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी बसली. फाटक वाजलं. कुकरची एक शिटी झाली, दुसरी झाली. टाकी भरली. आईची हाक काही आली नाही.

रुसली असेल, पद्मजाच्या मनात आलं. तिनं आपणहून हाक मारली. “आई, झालं बघ माझं सगळं! आता बोल, काय काय चाललंय?”

उत्तर आलं नाही. बऱ्याच वेळानं टाळी वाजवल्यासारखा आवाज आला आणि मग बाहुबली मामाचा आवाज. मामा जयसिंगपूरला असतो, तो सकाळच्या वेळी आईच्या घरी काय करतोय?

“आलो आलो. ताई, दूध कोमट केलंय. हळू घे. घाई करू नको.”

आईचं उत्तर नाही. ‘हां’ नाही, ‘हूं’ नाही. भांडं ठेवल्याचा आवाज, आणि नंतर एक शिट्टीसारखा श्वास, जो पद्मजानं पूर्वी कधी ऐकला नव्हता.

तिनं फोन उचलला आणि मामाला लावला. फोन लावणं दांडगाईचं आहे हे त्या वेळी तिला सुचलं नाही.

“मामा, मी पद्मा. आई बोलत का नाही?”

 “आत्ता विचारालीस?” पलीकडून मामा म्हणाला.

“म्हणजे? काय झालं?”

“काय झालं म्हणून मलाच विचारालीस? घशात कॅन्सरची गाठ निघाली. स्वरयंत्र काढलं तिचं. तुला ठाऊक नव्हतं असं बोलू नको पद्मा. रोज सांगत होती ती तुला. आणि तू उत्तर पण दिलंस, मी तिथंच होतो, माझ्या कानानं ऐकलं. अवघड दिवस आहेत, सगळं नीट होईल, काळजी करू नकोस, पार पडलं की येते.” मामाचा आवाज चढला. “पार पडलं. आली नाहीस.”



---

मिरजेला ती दुपारी पोचली. मामा फाटकाशीच उभा होता. अंगानं वाळलेला, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. भाचीला आत सोडायचं की नाही अशा नजरेनं तो बघत होता. पद्मजानं तिथंच, उन्हात उभं राहून त्याला सगळं सांगितलं. श्रोता काढल्याचं, हिरव्या दिव्याचा खरा अर्थ, ती हाक कशाबद्दल होती ते.

मामानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

“मी फोन करतो म्हटलं होतं,” तो म्हणाला. “तिनं माझ्या हातातनं फोन काढून घेतला. म्हणाली, दिवा लागलाय, ती ऐकतीय. हाक मारलीय मी, आता ओढून आणायची न्हाई. तिचं मोठं काम चाललंय.”  “ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत बोलत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं, आहे तो आवाज जपून वापरा, दुखेल. तर हिनं माझ्याशी बोलणं बंद केलं आणि सगळा आवाज तुझ्यासाठी ठेवला. रोज जेवण झालं की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि बोलत बसायची.”

“काय बोलायची?”

“मी कशाला ऐकू? आई-लेकीचं बोलणं.” मामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “एक सांगू? आत गेलीस की ऐकलं म्हणून सांग. ती त्याच्या जिवावर ऑपरेशनच्या टेबलावर चढली, पोरी. पोरीला सगळं सांगून झालंय, आता आवाज गेला तरी चालतंय, असं लिहून दिलं तिनं मला. ते काढून घेऊ नको तिच्याकडनं.”

सुनंदाबाई मधल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. गळ्याशी पांढरा मऊ रुमाल होता, त्याच्या आडून श्वास ये-जा करत होता. लेकीला बघून तिचा सगळा चेहरा उजळला. तिनं तोंड उघडलं, सवयीनं, ‘पद्मा’ म्हणायला. ओठ हलले. आवाज नाही. मग तिनं स्वतःच्याच कपाळावर हलकेच मारून घेतलं, जणू चष्मा डोळ्यावर असूनही शोधत होती, आणि हसली.

पद्मजा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आईनं रडू दिलं.

रडू ओसरल्यावर पद्मजा कामाचंच बोलली. दुसरं बोलायचं धाडस तिच्यात नव्हतं. “आई, स्टेशनात तुझ्या घोषणा असतील. वर्षानुवर्षांच्या. त्यांच्यावरून तुझा आवाज पुन्हा घडवता येतो. तू टाइप करशील ते तुझ्याच आवाजात येईल. मी करते.”

आईनं शेजारची प्लास्टिकची पाटी ओढली. तिचं अक्षरही तिच्या बोलण्यासारखंच होतं, सुटं आणि गोल. ‘त्यात नुसत्या गाड्या आहेत,’ तिनं लिहिलं. ‘त्या आवाजात मी तुला काय सांगू?’

मामा दारात उभा होता. त्यानं पद्मजाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आईनं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. ‘ऐकलंस ना सगळं?’

पद्मजानं मामाचं ऐकलं. “हो आई,” ती म्हणाली.

सुनंदाबाईनं डोळे मिटले. रुमालाआडून एक लांब श्वास गेला. तिचे खांदे खाली आले. किती दिवसांचं ओझं ते, पद्मजाला दिसलं. आपण बरोबर केलं असं त्या क्षणी तिला खरंच वाटलं.

मग आईनं डोळे उघडले आणि पाटी पुढे ओढली.

‘मग काय ठरवलंस?’

पद्मजा पाटीकडे बघत राहिली. घराबद्दल? लग्नाबद्दल? बाबांचं काही? काहीतरी विचारलं होतं आईनं. उरलेल्या आवाजात, दुखत असताना, दार लावून, काहीतरी विचारलं होतं आणि इतके दिवस उत्तराची वाट बघितली होती.

“तू म्हणशील तसं,” पद्मजा म्हणाली.

सुनंदाबाईनं मान वर केली. रागानं नाही, नुसतीच निरखून बघितली लेकीकडे. मग सावकाश एकच शब्द लिहिला.

‘कशाबद्दल?’

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. 

“मी नाही ऐकलं, आई,” ती म्हणाली. “एक शब्दही नाही ऐकला. काम चालावं म्हणून मी माझा श्रोता काढून ठेवला होता.”

आईनं पाटीवर बोट ठेवून विचारलं, नुसत्या भुवयांनी. मग स्वयंपाकघरातल्या काचेकडे हात केला. दिवा?

“तो दिवा चावडीचा आहे. हाक चावडीवर पोचली एवढंच तो सांगतो. ऐकणारं कुणी आहे की नाही, ते तो सांगत नाही. मीच तसा ठेवला.”

सुनंदाबाईनं पदराच्या टोकानं पाटी पुसली. काही उरू नये म्हणून पुन्हा पुसली. पेन उघडलं.

‘कुणीच नव्हतं?’

“नाही.”

दारातला मामा निघून गेला. मागच्या अंगणात त्यानं नळ सोडल्याचा आवाज आला.

पद्मजा खाली बसली. “आता सांग. लिहून सांग, आई. लागेल तेवढा वेळ लागू दे. मी इथंच बसते.”

आईनं पेन पाटीला लावलं. ‘तुझ्या’ एवढंच लिहिलं. पेन तिथंच थांबलं. ते अक्षर ती बघत राहिली, परक्या कुणी लिहून ठेवल्यासारखं. मग तळहातानं पुसून टाकलं, आणि पाटी खुर्चीच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. उठून ती स्वयंपाकघरात गेली. लेकीसाठी चहा ठेवला. जाताना तिनं पद्मजाच्या डोक्यावरून हात फिरवला, हे पद्मजाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, कारण त्या हाताला कुठंही राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

---

पुण्याला परत गेल्यावर पद्मजानं घरच्या चावडीसाठी पोच लिहिली. तौफिक शेजारी बसून तपासत होता. ‘मी म्हणालो होतो’ असं तो एकदाही म्हणाला नाही. मिरजेचं ऐकल्यावर तो फक्त उठून बाहेर गेला होता आणि आपल्या अम्मीला फोन लावून पुष्कळ वेळ बोलत होता.

पोच बाहेर पडली. आता हाक खरोखर माणसानं ऐकली तरच हिरवा दिवा लागायचा. कुणी ऐकत नसेल तर दिवा काळा राहायचा. महिन्याच्या आत तक्रारींचा पाऊस पडला. सुना-मुलं कंपनीला लिहू लागली, तुम्ही आमच्या घरात भांडणं लावलीत. घरोघरी म्हातारी माणसं काळ्या दिव्याकडे बघत बसलेली असत. नागपूरच्या एका आजोबांनी लिहिलं, पूर्वी मी समाधानानं बोलत होतो, ते तुम्ही का हिसकावलंत? कंपनीनं पोच ऐच्छिक केली. बहुतेकांनी ती बंद करून टाकली, बोलणाऱ्यांनीही आणि ऐकणाऱ्यांनीही.

“आता काय करायचं?” तौफिकनं विचारलं.

 पद्मजानं मिरजेहून काम करायची परवानगी मागितली आणि सामान बांधलं. आईनं ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. पद्मजाच्या खोलीतल्या गादीवर मात्र धुतलेली चादर घातलेली होती.

स्वरयंत्र गेलेल्या माणसाला बोलायला शिकवणारी एक बाई सांगलीहून यायची. हवा गिळायची, अन्ननळीत धरायची, आणि ढेकर देताना तिच्यावर शब्द चढवायचा, असं ते शास्त्र. सुनंदाबाई त्यासाठी रोज आरशासमोर बसायची. पहिल्यांदा ‘पा’ निघाला. मग ‘पाणी’. मग ‘बस’, ‘चहा’, ‘नको’. आवाज खोल मडक्यातून यावा तसा, घोगरा, ओळख न पटणारा. जिच्या दोन वाक्यांवर फलाट शांत व्हायचा ती बाई भाजीवाल्याला ‘किती’ एवढं विचारताना घामाघूम व्हायची, आणि तरी विचारायची. लाज म्हणून काही तिनं धरली नाही. पद्मजा सोबत असली की तिच्याऐवजी बोलायला जायची. आई हातानं तिला गप्प बसवायची.

हिवाळ्यातल्या एका दुपारी दोघी मागच्या अंगणात ऊन खात बसल्या होत्या. मध्ये परातीत पावट्याच्या शेंगांचा ढीग. मामानं जयसिंगपूरहून पाठवलेल्या. आई सोलत होती, पद्मजा मांडीवर कामाचं मशीन घेऊन उगाच काहीतरी बघत होती. एवढे महिने तिनं तो प्रश्न विचारला नव्हता. आईला वाक्य जमायला लागू दे, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता वाक्य जमायला लागलं होतं. सकाळीच आई दूधवाल्याला ‘उद्या अर्धा जास्त दे’ असं सलग म्हणाली होती.

“आई,” पद्मजा म्हणाली. “त्या दिवसांत... दार लावून मला काय सांगत होतीस?”

सुनंदाबाईचे हात थांबले. अर्धी सोललेली शेंग बोटांत तशीच राहिली. अंगणाच्या भिंतीवर एक साळुंकी उतरली, इकडेतिकडे मान वळवून उडून गेली. आईनं हवा गिळली.

“आता,” ती त्या नव्या आवाजात म्हणाली, आणि पुन्हा हवा गिळायला थांबली, “नाही आठवत.”

पद्मजा तिच्या बोटांतल्या शेंगेकडे बघत होती. ती शेंग अजून तशीच होती.

“खरंच?”

 आईनं शेंग सोलून पूर्ण केली, दाणे वाटीत टाकले, आणि परात पद्मजाच्या पुढ्यात सरकवली.

“सोल,” ती म्हणाली.

पद्मजानं मशीन बाजूला ठेवलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.